ट्रॉलीबद्दल, पाऊस लागायच्या आत वाचा

मंडळी, आपली छोटी ट्रॉली रविवारी सकाळी ८ ला बाहेर काढायचीय, ज्यांना जमेल त्यांनी या, पाना-ग्रीसगन असेल तर घेऊन या. वर्षभर विटा, वाळू, कडबा ओढून पार हालत झालीय तिची, डावं चाक हाताने फिरवलं तरी खरखर वाजतंय, बेअरिंग बदलायचंच. स्टेपनी आहे पण हवा नाही, म्हणजे नसल्यातच जमा. हूकच्या पिनेला क्लिपऐवजी कुणीतरी बांधकामाची तार गुंडाळलीय, ती आधी काढा राव! दोन साखळ्या पण लावायच्यात, दांडीखाली क्रॉस करून, म्हणजे पिन निसटली तरी दांडी रस्त्यात रुतत नाही.

भरताना जड सामान एक्सलच्या थोडं पुढं ठेवा, मागं वजन झालं की स्पीडला ट्रॉली डुलते आणि गाडीलाच ओढते.

२०१९ च्या पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आम्ही सोफा चढवत बसलो आणि आईची औषधं घरात राहिली. यंदा ४० फूट, म्हणजे इशारा पातळी आली की भरायला लागायचं, ४५ ची, म्हणजे धोका पातळीची वाट बघायची नाही. आधी कागदपत्रं, औषधं, सिलिंडर, धान्य. माणसं गाडीत बसतील, ट्रॉलीत नाही. वाहत्या पाण्यात ट्रॉली घालायची नाही म्हणजे नाही, आणि चाकं बुडालीच तर नंतर बेअरिंग खोलून नवीन ग्रीस भरा.

ताडपत्री कुणाकडं आहे? गेल्या वर्षीपासून दिसली नाही.