छपाईच्या चित्रांची रंगपद्धत: अर्धवट सल्ला पुरेसा नाही

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

‘पडद्यासाठी आरजीबी, छपाईसाठी सीएमवायके’ हा सल्ला चित्र एक्सपोर्ट करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी मिळतोच. आरजीबीत रंग लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून घडतात, सीएमवायकेत चार शायांतून. हा सल्ला खोटा नाही, पण अर्धवट आहे. आणि त्यावर विसंबून छापखान्याला काहीही न विचारता चित्र आधीच सीएमवायकेत बदलून ठेवण्याची जी सवय पडली आहे, तिने फायद्यापेक्षा नुकसानच अधिक होते.

सीएमवायके ही सर्वत्र सारखी अशी एक पद्धत नव्हे. सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी या चार शाया किती प्रमाणात पडाव्यात, हे कागद आणि यंत्र यांवर ठरते व तो हिशेब प्रोफाइलमध्ये, म्हणजे रंगांच्या रूपांतराचा तक्ता असलेल्या फाइलमध्ये, असतो. आपण प्रोफाइल निवडले नाही, तर सॉफ्टवेअर आपल्याकडे आधीपासून लावलेल्या प्रोफाइलने काम उरकते. फोटोशॉपमध्ये अनेक वर्षे प्रचलित असलेल्या अमेरिकी ‘स्वॉप’ प्रोफाइलने आरजीबीतला निव्वळ काळा रंग बदलला, तर तो ७५, ६८, ६७ आणि ९० टक्के असा चार शायांत वाटला जातो. बेरीज झाली ३०० टक्के. गुळगुळीत आर्ट पेपर एवढी शाई पेलतो. वृत्तपत्राच्या कागदावर मात्र ती साधारण २४० टक्क्यांच्या आत ठेवावी लागते, नाहीतर शाई नीट वाळत नाही, पानाच्या मागे उमटते आणि सावलीतले बारकावे एकाच काळ्या डागात बुडून जातात. हाच चौरंगी काळा बारीक अक्षरांत आला आणि एखादी प्लेट केसभर सरकली, की अक्षरांच्या कडांना रंगीत झालर दिसू लागते. म्हणून मजकूर फक्त काळ्या शाईत, शंभर टक्के, हा नियम डोळे मिटून पाळावा.

शिवाय हा रस्ता एकेरी आहे. पडद्यावरचा झगझगीत निळा किंवा पोपटी रंग शाईच्या आवाक्यात नसतो, तो रूपांतरात मंदावतो. पुढे फाइल पुन्हा आरजीबीत नेली तरी गेलेला रंग परत येत नाही. त्यामुळे मूळ आरजीबी फाइल जपून ठेवावी आणि रूपांतर अगदी शेवटी, कागद नक्की झाल्यावर, छापखान्याने दिलेल्या प्रोफाइलनेच करावे. छापखाना ते स्वतः करणार असेल तर उत्तमच, फक्त आरजीबी फाइलमध्ये तिचे प्रोफाइल जोडलेले असावे.

पडद्याचे काम त्यामानाने सोपे आहे: १९९६ साली पुढे आलेले एसआरजीबी हे आरजीबीचे प्रमाणित रूप निवडावे. ॲडोबी आरजीबी या अधिक रंग सामावणाऱ्या प्रकारातले चित्र प्रोफाइल काढून संकेतस्थळावर टाकले, तर ते फिकट दिसते आणि दोष बिचाऱ्या कॅमेऱ्याच्या माथी जातो. पीएनजी प्रकारात तर सीएमवायकेची सोयच नाही. कृष्णधवल छायाचित्र एकरंगी पानावर जाणार असेल, तर ते ग्रेस्केलमध्येच, म्हणजे फक्त काळ्या-करड्या छटांत, द्यावे. चार शायांत छापले गेल्यास करड्या छटांवर हिरवट किंवा तांबूस झाक चढू शकते.

वृत्तपत्रे जाहिरातीची मापे आणि दर नेमाने छापतात. त्याच चौकटीत आपल्या छपाईचे प्रोफाइल, शाईची कमाल मर्यादा आणि आरजीबी फाइल चालेल की नाही, या तीन गोष्टी छापण्यास फारशी जागा लागणार नाही. आपल्या दैनिकाने तशी सुरुवात करावी, ही विनंती.

आपला,
एक मांडणीकार वाचक