कादंबरीची मधली पानं का रेंगाळतात?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला कादंबरीचा आराखडा कसा करावा हा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. पाव पुस्तक झालं की पहिलं वळण, बरोब्बर मध्यावर मोठा धक्का, पाऊण भागावर सगळं कोसळणं, एवढं आखून घेतलं की कादंबरी उभी राहते असं लेखात म्हटलंय. मी एका कार्यशाळेत फी भरून हेच शिकले होते. तो तक्ता समोर ठेवून ३२ प्रकरणं लिहिली, वळणं सगळी ठरल्या जागी आली, तरी मधली शंभरेक पानं माझ्याच्याने पुन्हा वाचवेनात.

वळण कुठे यावं ते तक्ता सांगतो हो, पण ते कशामुळे आलं हे त्यात कुठेच नसतं. आणि लेखात चढउताराचं जे त्रिकोणी चित्र दिलंय ते गुस्ताव फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ मध्ये मांडलं ते नाटकासाठी. नाटक एका बैठकीत बघून होतं, कादंबरी माणूस आठ-पंधरा दिवस उशाशी ठेवून वाचतो, मधे चार दिवस हातात घेत पण नाही, मग परत उघडावीशी वाटायला काहीतरी अडकून राहिलेलं लागतं ना!

मला खरी वाट सापडली ती ॲरिस्टॉटलमध्ये. तोही मुख्यतः नाटकाबद्दलच बोलतोय, पण त्याची कसोटी कादंबरीला चपखल बसते. एखादा भाग असला काय नि नसला काय, काही फरकच पडत नसेल तर तो त्या रचनेचा भाग नव्हेच. आणि गोष्ट एकाच माणसाची आहे एवढ्यावर ती एकसंध होत नाही हेही त्याने सांगून ठेवलंय (हे मला फारच उशिरा कळलं).

मग मी ड्राफ्टमधला प्रत्येक प्रसंग एकेका कार्डावर लिहिला, कोणाला काय हवंय आणि शेवटी काय बदललं एवढंच, आणि ५८ कार्डं जमिनीवर मांडून एकेक उचलून बघितलं. १९ कार्डं उचलली तरी पुढच्या कार्डातला एक शब्द बदलावा लागला नाही.

एक उदाहरण देते. दोन बहिणींना आईचं जुनं पत्र सोळाव्या प्रकरणात ट्रंकेत सापडायचं, त्याआधी दोघी नुसत्या जेवत होत्या, गप्पा मारत होत्या. मी एवढंच केलं की थोरलीला ते पत्र दुसऱ्याच प्रकरणात मिळतं आणि ती ते कपड्यांच्या घडीत दडवून ठेवते. आता जेवता जेवता धाकटी विचारते, आईने काहीच लिहून ठेवलं नाही का गं, आणि थोरली पाणी आणायला उठते. तिचं विचारणं आणि हिचं उठणं दोन्ही आधीपासून तिथे होतं, त्या जेवणाच्या प्रसंगात मी एक शब्दही वाढवला नाही. पण आता वाचताना पोटात गोळा येतो.

म्हणून विनंती आहे की पुरवणीत कादंबरीकारांना त्यांनी कापलेली प्रकरणं, बदललेले क्रम दाखवायला सांगा. परीक्षणंसुद्धा "कथानक पकड घेतं" एवढ्यावर सोडू नका, पकड कितव्या प्रकरणात सुटली आणि का ते लिहा, शिकणाऱ्याला तेच हवं असतं. सुरुवात म्हणून माझी १९ कार्डं मी पाठवायला तयार आहे, कोणता प्रसंग का गेला ते प्रत्येक कार्डामागे लिहिलेलं आहे.

आपली,
एक नियमित वाचक