नुसतं 'हार्ट ब्लॉक' लिहून भागत नाही

मा. संपादक,

तालुक्याहून छत्रपती संभाजीनगर किंवा लातूरला येणाऱ्या रुग्णाच्या चिठ्ठीवर अनेकदा नुसतं 'हार्ट ब्लॉक' असतं. नातेवाईक त्याचा अर्थ रक्तवाहिनीतला अडथळा असा घेतात. प्रत्यक्षात हा बिघाड हृदयातल्या विजेच्या वहनाचा आहे आणि त्याचा प्रकार ईसीजीवरच कळतो.

ईसीजीच्या नेहमीच्या वेगाच्या पट्टीवर एक छोटा चौकोन ०.०४ सेकंदांचा. पी ही हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लहर, क्यूआरएस ही खालच्या कप्प्यांची, आणि पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंत पीआर अंतर. पीआर अंतर पाच चौकोनांपेक्षा जास्त, पण प्रत्येक पीनंतर क्यूआरएस असेल तर पहिल्या दर्जाचा ब्लॉक. बहुधा काळजी नसते. खरी गफलत दुसऱ्या दर्जात होते. पीआर वाढत वाढत जाऊन एक ठोका गळाला, म्हणजे पीनंतर क्यूआरएस आलाच नाही, तर तो मोबिट्झ एक हा उपप्रकार. गळालेल्या ठोक्याच्या आधीचं आणि नंतरचं पीआर मोजा, नंतरचं आखूड भरतं. पीआर जराही न हलता ठोका अचानक गळाला, तर मोबिट्झ दोन. हा कधीही पूर्ण ब्लॉक होऊ शकतो, ठोके वाढवणाऱ्या ॲट्रोपिन या औषधावर विसंबू नका, पेसमेकरची सोय असेल तिथे तातडीने हलवा. एकाआड एक ठोका गळत असेल तर प्रकार सांगता येत नाही. लांब पट्टी काढा.

पूर्ण, म्हणजे तिसऱ्या दर्जाच्या ब्लॉकमध्ये पी आणि क्यूआरएस आपापल्या चालीने नियमित धावतात. वेगळ्या कागदाच्या कडेवर पीच्या खुणा करून तो पट्टीवर पुढे सरकवा. म्हणजे क्यूआरएसनंतरच्या टी लहरीत दडलेला पी सापडतो.

आपल्याकडे आणखी एक विचारायलाच हवं: पिवळ्या कण्हेरीच्या बिया खाल्ल्या का? त्यानेही असाच ब्लॉक होतो.

– एक वैद्यकीय अधिकारी, जि. बीड