सहाव्या दिवशीचं खोटं

पुणे, मे महिन्याची अखेर

ती. आई-बाबांस,
सा. न.

उजनी धरणापासून टाकळीपर्यंत भीमेतून होडीनं आलो, त्या प्रवासाच्या सहाव्या दिवशी दुपारी आईचा फोन आला तेव्हा मी ‘जेवतोय’ म्हणालो. आई, मी जेवत नव्हतो. नदीकाठी बाभळीखाली आडवा पडलो होतो आणि तुझ्याशी बोलताना उलटी दाबून धरली होती. मागच्या आठवड्यात घरी दोन दिवस होतो. तू समोर बसून शेंगाची चटणी कुटत होतीस, बाबा पेपर वाचत होते, तरी तोंडातून निघालं नाही. म्हणून लिहितोय.

आधी बाबांचं उत्तर द्यायचं राहिलंय. तुम्ही तीनदा विचारलंत, जायचंच होतं तर भर उन्हाळ्यात कशाला? बाबा, पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की भीमेत एवढीशी होडी घालणं म्हणजे जीव देणं. आणि पाणी सोडलेलं नसलं की पंढरपूरच्या खाली जागोजागी नुसती डबकी. उन्हाळ्यात सोलापूरला प्यायला म्हणून उजनीतून नदीत पाणी सोडतात, ते टाकळीच्या उपसा केंद्रापर्यंत पोचायला कितीतरी दिवस घेतं. मला त्याच पाण्याबरोबर यायचं होतं. लहानपणी रात्री तीनला नळ यायचा, तुम्ही मला उठवून पाईप धरायला लावायचात, आई घागरीच्या तोंडाला धोतराचं फडकं बांधायची. पाणी कुठनं येतं विचारलं की तुम्ही म्हणायचात, ‘लांबनं.’ ते लांब मला बघायचं होतं. एवढंच कारण आहे, दुसरं काही नाही.

भीमानगरला धरणाच्या खाली कयाकमध्ये, म्हणजे त्या एवढ्याशा होडीत, हवा भरली. रबरी घेतली, कारण वाटेत कोल्हापूर पद्धतीचे बंधारे लागतात. प्रत्येक बंधाऱ्याला काठावर यायचं, सगळं सामान उतरवायचं, एका खेपेत कयाक डोक्यावर आणि दुसऱ्या खेपेत पाण्याचे कॅन, असं पलीकडं न्यायचं. पहाटे साडेपाचला वल्हं हातात घ्यायचो ते दहापर्यंत. मग झाड शोधायचं. चारनंतर परत अंधार पडेपर्यंत. लाईफ जॅकेट पाण्यात असताना कधीच काढलं नाही, ही आईची शपथ पाळली. नरसिंगपूरला नीरा येऊन मिळते तिथं घाटावर रात्र काढली. त्याच्या पुढं वाळू उपसून झालेले खड्डे आहेत. वरून पाणी सपाट दिसतं आणि वल्हं खाली घातलं की तळ लागत नाही. तिथं काठानं जायचो.

पंढरपूरला सकाळी पोचलो. पुंडलिकाच्या देवळाशी एक होडीवाले बाबा बसले होते, सत्तरीचे असतील. त्यांनी कयाक उलटी करायला लावली आणि तिच्या बुडावरून तळहात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. एका जागी थांबले. ‘हितं घासलंय,’ म्हणाले. माझ्या लक्षातही आलं नव्हतं, बंधाऱ्याच्या दगडावर रबर पातळ झालं होतं. मी ठिगळ लावून ते वाळेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. त्यांनी बोट ठेवलं नसतं तर ती जागा पुढं मधल्या पाण्यात फुटली असती.

पंढरपूरच्या खाली काठावर मोटारी दिसायला लागल्या. शेकडो. पाईप नदीत सोडलेले, आणि सगळ्या बंद. पाणी वाटेत उपसलं न जाता सोलापूरला पोचावं म्हणून ते नदीत असेपर्यंत काठची लाईट तोडतात. एक शेतकरी बांधावर उभे होते. कुठून कुठं चाललाय विचारलं. सोलापूर म्हटल्यावर जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘म्हंजे तुमचंच पाणी चाललंय की हे. आमचा ऊस बघा.’ ऊस खरंच करपला होता, पानं टोकापासून पिवळी पडलेली. मला काही बोलता आलं नाही. बाबा, चार-पाच दिवसांनी नळ येतो म्हणून आपण जन्मभर चिडलो. उजनीत ११७ टीएमसी पाणी मावतं, मग आम्हाला का नाही, असं मीही कॉलेजात तावातावानं बोललो आहे. पण आपला हंडा भरावा म्हणून कुणाच्या तरी उभ्या पिकासमोरून पाणी नुसतं निघून जातं, हे आपल्या घरात कुणी कधी बोललं नाही.

त्याच दिवशी माझी चूक झाली. बंधारा ओलांडून मगच थांबू म्हणून साडेबारापर्यंत वल्हवत राहिलो. त्रेचाळीसच्या वर पारा होता. आधी डोकं ठणकायला लागलं, मग हातापायात गोळे आले, आणि मग भर उन्हात अंगावर काटा आला. थंडी वाजली. तेव्हा मी घाबरलो. काठाला लागलो, बाभळीखाली पडलो, आणि तेवढ्यात आई तुझा फोन. त्याच शेतकऱ्यांच्या घरच्या मावशी मेंढरं पाजायला आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, डोक्यावरचा पदर काढून नदीत भिजवला आणि माझ्या मानेवर टाकला. मग मुलाला घरी पिटाळून मीठ घातलेलं ताक मागवलं. घोट घोट पाजलं, ‘घाई करू नगो’ म्हणत. संध्याकाळपर्यंत त्या दोनदा येऊन बघून गेल्या. करपलेला ऊस त्यांचाच, आणि मी सोलापूरचा हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी पूर्ण विश्रांती घेतली. नंतर माचणूरला सिद्धेश्वराच्या घाटावर झोपलो. तिथं औरंगजेबाची छावणी १६९५ पासून चार वर्षं होती. एवढ्या फौजेला याच भीमेचं पाणी पुरलं असेल. टाकळीला पोचलो तेव्हा संध्याकाळ होती. उपसा केंद्राच्या पंपांचा आवाज लांबूनच यायला लागला होता. मी कयाक काठाला लावली आणि बराच वेळ तो आवाज ऐकत बसलो.

घरी आलो त्या रात्री नळ आला. बाबा, तुम्ही माझ्या आधी उठलात. मी हातातला पाईप घेतला तरी तुम्ही अंगणात उभेच राहिलात. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला गच्चीवर टाकी बघायला चढलात, डोक्याला काही न बांधता. आई म्हणाली रोजचंच आहे. बाबा, ते करू नका. टाकी संध्याकाळी बघा. दुपारी डोकं दुखलं, मळमळलं, तर लगेच सावलीत बसून मानेवर ओलं फडकं टाका आणि मीठ-साखरेचं पाणी घ्या. घाम थांबला किंवा बोलणं अडखळलं तर आईनं शेजाऱ्यांना हाक मारून सरळ दवाखाना गाठायचा, माझ्या फोनची वाट बघायची नाही.

त्या मावशींसाठी एक सोलापुरी चादर घेऊन ठेवा. तुम्ही निवडाल तशी मला जमणार नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत येतो, आपण तिघं गाडीनं जाऊन देऊन येऊ. आई, ताक मागितलंस तर देतील, पण तू बरोबर भाकरी घे.

तुमचा,
राजू