छापखाना एकच असलेला देश

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला आफ्रिकी साहित्यावरचा लेख वाचला. लेखकाला नायजेरियाचे आचेबे आणि केनियाचे न्गुगी या कादंबरीकारांविषयी मनापासून जिव्हाळा आहे, हे वाचताना कळते. पण दोन विधानांपाशी माझा चहा गार झाला. आफ्रिकी कादंबरी 1958 साली आचेबे यांच्यापासून सुरू झाली, हे एक. आणि लेसोथोसारख्या चिमुकल्या देशांना स्वतःचे म्हणावे असे साहित्यच नाही, हे दुसरे. पहिले विधान अर्ध्या शतकाने चुकले आहे. दुसरे किती चुकले आहे ते सांगायला पत्र जरा लांबेल, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

मी साहित्याचा अभ्यासक नव्हे. आयुष्यभर मुद्रिते तपासली. खिळे जुळवण्याच्या काळात सुरुवात केली आणि संगणकाच्या काळात निवृत्त झालो. लेसोथोची आणि माझी ओळख झाली ती रद्दीच्या दुकानात, एका इंग्रजी पुस्तकामुळे. मलपृष्ठावर लेखकाची माहिती होती. त्यात, हा गृहस्थ मिशनच्या ग्रंथभांडारात मुद्रितशोधक होता, असे वाचले आणि पुस्तक घरी आणले. पुस्तकाचे नाव ‘चाका’, लेखक थॉमस मोफोलो.

लेसोथो हा चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला डोंगराळ देश. महाराष्ट्राच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा, वस्ती वीस-बावीस लाखांची. नाव लिहितात लेसोथो, पण उच्चार ‘लेसूथू’कडे झुकतो. तिथला एक माणूस म्हणजे मोसोथो, अनेक माणसे म्हणजे बासोथो आणि त्यांची भाषा सेसोथो. आपण शब्दाचे शेपूट बदलतो, ते डोके बदलतात.

राजा मोश्वेश्वे याने विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणून हे राष्ट्र उभे केले. 1833 साली त्याच्याकडे फ्रेंच प्रोटेस्टंट मिशनरी आले आणि मोरिजा या गावी राहिले. तिथेच पुढे त्यांचा छापखाना निघाला आणि 1863 पासून सेसोथो भाषेतले वृत्तपत्र सुरू झाले. त्याच्या नावाचा अर्थ ‘लेसोथोचा लहानसा उजेड’. अहमदनगरच्या मिशनऱ्यांनी 1842 साली काढलेल्या ‘ज्ञानोदय’ची आठवण व्हावी असेच हे नाव. नावातच नव्हे, पुढच्या कहाणीतही साम्य आहे. आपल्याकडे बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 साली आली ती धर्मप्रसाराच्या वाटेने. मोफोलोंची पहिली कादंबरी ‘मोएती ओआ बोचाबेला’ (पूर्वेचा प्रवासी) याच वाटेने आली. मोरिजाच्या वृत्तपत्रात ती आधी क्रमशः छापली गेली आणि 1907 साली पुस्तकरूपाने निघाली. एक तरुण आपल्या लोकांच्या दारूबाजीला आणि भांडणांना विटून देव शोधायला पूर्वेकडे चालू लागतो, अशी गोष्ट. आफ्रिकी भाषांतल्या अगदी पहिल्या कादंबऱ्यांत तिची गणना होते. खरे सांगायचे तर शेवट उपदेशाच्या ओझ्याखाली दबलेला आहे. पण 1907 सालची आहे, आणि इंग्रजीत नव्हे, सेसोथोत आहे. आचेबेंची पहिली कादंबरी यायला तेव्हा 51 वर्षे होती.

मोफोलो एकटे असते तर अपवाद म्हणून सोडून देता आले असते. पण त्यांच्या आधी 1893 साली अझारिएल सेकेसे यांनी बासोथोंच्या चालीरीती, म्हणी आणि गोष्टी गोळा करून छापल्या होत्या. याच सेकेसेंची पक्ष्यांच्या सभेची गोष्ट आहे. सगळे पक्षी जमून ससाण्याविरुद्ध गाऱ्हाणी मांडतात. वाचणाऱ्याला ससाणा म्हणजे कोण ते सांगावे लागत नसे, कारण सरदारांच्या न्यायसभेत प्रत्येकाने तो पाहिलेला असे. मोफोलोंचे शिक्षक एव्हरिट सेगोएते यांची कादंबरी 1910 सालची. तिच्या नावाचा अर्थ ‘संपत्ती म्हणजे धुके, संपत्ती म्हणजे वाफ’. तुकोबांच्या गाथेवर वाढलेल्याला हे नाव समजावून सांगायला नको. दोन वर्षांनी एडवर्ड मोत्सामाई यांचे नरभक्षकांच्या काळावरचे पुस्तक आले. मिशनच्या एका छोट्या छापखान्यातून, एका पिढीत, एवढे सगळे.

या नरभक्षकांच्या काळाविषयी थोडे सांगतो, नाहीतर भलताच समज व्हायचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लढाया आणि दुष्काळाने तो सगळा मुलूख उद्ध्वस्त झाला. गुरे गेली, पिके गेली आणि काही टोळ्या माणसे खाऊ लागल्या. मोश्वेश्वे आपली माणसे घेऊन थाबा बोसिऊ या डोंगरी किल्ल्याकडे निघाला असताना त्याचा म्हातारा आजा मागे पडला आणि अशाच एका टोळीने त्याला खाल्ले. पुढे ती टोळी राजाच्या हाती लागली. सूड घ्या, असे सगळे म्हणाले. मोश्वेश्वेचे म्हणणे असे की यांची पोटे म्हणजे माझ्या आजाची कबर आहे आणि कबर उकरायची नसते. त्याने त्यांच्यावर कबरीचा शुद्धीविधी केला आणि त्यांना जगू दिले. ज्या समाजात आजीच्या तोंडून नातवाला अशी गोष्ट ऐकायला मिळते, त्या समाजाला साहित्य नाही म्हणायला फार धाडस लागते.

शिवाय छापखान्याआधीचे साहित्य होतेच. राजांच्या आणि योद्ध्यांच्या पराक्रमाची स्तुतिकवने, आपल्या पोवाड्यांच्या नात्यातली. छापतात ‘लिथोको’, म्हणतात ‘दिथोको’. मोश्वेश्वे हे नावच अशा कवनातले आहे. वस्तऱ्याने दाढी करताना येणारा ‘श्वे-श्वे’ आवाज म्हणजे ते नाव. एका सरदाराची गुरे पळवून त्याने त्याची जणू दाढी साफ केली, म्हणून! झाकेया मांगोएला यांनी ही राजकवने 1921 साली पुस्तकात आणली.

आता ‘चाका’विषयी. खरे तर या पत्राचे कारण तेच. मोफोलोंनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात जाऊन चाका या झुलू राजाविषयी माहिती गोळा केली आणि 1910 च्या सुमारास कादंबरी मोरिजाच्या मिशनऱ्यांच्या हाती दिली. इतिहासातला चाका नव्हे, मोफोलोंचा चाका. लहानपणी अनौरस म्हणून हिणवला गेलेला हा पोरगा इसानुसी नावाच्या मांत्रिकाच्या नादी लागतो. मांत्रिक सत्ता देतो, पण दर पायरीला किंमत मागतो. जिच्यावर जीव आहे त्या नोलिवेचे रक्त चाका स्वतःच्या हाताने देतो, आणि तिथून पुढे परतीची वाट नाही. शेवटी आईसुद्धा सुटत नाही. इतके गडद पुस्तक मी दुसरे वाचलेले नाही. नोलिवेच्या प्रकरणानंतर दोन दिवस हातात धरवले नव्हते.

मिशनऱ्यांत दोन तट पडले. काहींना पुस्तकाचे मोल कळले. काहींना भीती वाटली की मंत्रतंत्राचे इतके जिवंत वर्णन वाचून नवख्रिस्ती वाचक जुन्या वाटेला जातील. हस्तलिखित पडून राहिले आणि छापले गेले 1925 साली. सुमारे 15 वर्षे! मी हयातभर छापखान्यात काढली आहे. कपाटात पडलेल्या हस्तलिखिताचे लेखकाला काय होते ते पाहिले आहे. पहिली काही वर्षे तो चौकशीला येतो. मग येत नाही.

मोफोलोही आले नाहीत. मोरिजा सोडून त्यांनी गिरणी सांभाळली, खाणींसाठी मजूर भरती केली, दुकान चालवले. ‘चाका’ छापून आल्यावरही त्यांची नवी कादंबरी आली नाही. उतारवयात घेतलेली शेतजमीन काळ्या लोकांच्या जमीनमालकीवर बंधने घालणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या 1913 च्या जमीन कायद्याने हातची गेली आणि 1948 साली आजारपणात आणि गरिबीत ते वारले. तोवर ‘चाका’ 1931 साली इंग्रजीत आणि 1940 साली फ्रेंचमध्ये पोचले होते. पुढे सेनेगलचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या कवी सेंघोर यांनी चाकावर नाट्यकाव्य लिहिले. लेसोथोच्या राष्ट्रीय विद्यापीठातले ग्रंथालय आज थॉमस मोफोलो यांच्या नावाने आहे.

म्हणून आपल्या लेखकांना माझे म्हणणे एवढेच, की त्या देशात लिहिणारे कमी नव्हते. दार एकच होते. मोरिजाच्या छापखान्याने भाषेला लिपी दिली, वृत्तपत्र दिले, मोफोलोंना नोकरी आणि वाचक दिले. मोफोलोंना गप्प केले तेही त्याच छापखान्याने. मिशनऱ्यांना नुसते हार घालणेही खोटे आणि नुसते जोडे मारणेही खोटे. आपल्याकडे मिशनचा छापखाना आवडला नाही तर मुंबईत गणपत कृष्णाजींचा देशी छापखाना होता. बासोथो लेखकाला दुसरीकडे कुठे जायचे?

त्यात लिपीचे त्रांगडे. सेसोथो बोलणारे लेसोथोपेक्षा दक्षिण आफ्रिकेत जास्त आहेत, पण दोन्हीकडचे शुद्धलेखन वेगळे. लेसोथोत फ्रेंच मिशनऱ्यांनी बसवलेले चालते, सीमेपलीकडे दुसरेच. एकाच भाषेचा शब्द इकडे ‘l’ने लिहितात, तिकडे ‘d’ने. म्हणजे आधीच लहान असलेली बाजारपेठ आणखी दुभंगलेली. गोव्यातल्या वाचकांना रोमी आणि देवनागरी कोकणीवरून याची कल्पना येईल. मुद्रितशोधक म्हणून मला तर नुसत्या विचारानेच घाम फुटतो.

छापण्याची वाट न पाहता जे चालू राहिले त्याचाही उल्लेख लेखात हवा होता. 1980 च्या दशकाच्या अखेरीस लेसोथोचे लाखाहून जास्त पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत होते. त्यांची ‘दिफेला’ ही पायपिटीची गाणी त्यांनीच रचली: आगगाडी, बोगदा, मागे राहिलेली बायको. माझे वडील साताऱ्याहून मुंबईच्या गिरणीत गेले होते, तेव्हा ही गाणी मला परकी वाटत नाहीत. आणि मागे राहिलेल्या बायकांची बाजू मफो न्थुन्या या बाईंनी सांगितली आहे. मालुती डोंगरातल्या भुकेची आणि थंडीची ही आत्मकथा 1990 च्या दशकात इंग्रजीत आली. बाई विद्यापीठात साफसफाईचे काम करत. पुस्तक त्यांनी लिहिले नाही, बोलून सांगितले. दर पानावर समोर कुणीतरी ऐकत बसले आहे असे वाटते.

बासोथोंच्या आजीची गोष्ट ‘बा रे ए ने रे’ या शब्दांनी सुरू होते, आपल्या ‘आटपाट नगर होतं’सारखी. त्यावर ऐकणाऱ्या पोरांनी एकसाथ ‘क्वोई!’ म्हणायचे असते. ते म्हटल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही.

दुरुस्ती छापलीत तर आनंद होईल. लेखाच्या लेखकांना ‘चाका’ हवे असेल तर माझी प्रत आपल्या कार्यालयात आणून देईन. डॅनियल कुनेने यांचे 1981 चे भाषांतर आहे, पहिली दोन पाने सुटी आहेत, जपून हाताळावे. महिन्याभरात परत मिळावे. याआधी ते दोघांना दिले होते आणि दोन्ही वेळा मागायला मलाच जावे लागले.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक, सातारा