न उमटणाऱ्या रेषा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण तुझा टॅब्लेटवर चित्रित केलेला व्हिडिओ. तू बोललास उत्तम, म्हणूनच खटकलेल्या दोन गोष्टी मोकळेपणाने लिहितो. तुझ्यामागची खिडकी एका बाजूला कललेली दिसते, आणि डोक्यावर इतकी मोकळी जागा सुटली आहे की चेहरा चौकटीच्या तळाशी बुडाल्यासारखा वाटतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर जाळी, म्हणजे ग्रिड, चालू असती, तर चित्रण सुरू होण्यापूर्वीच दोन्ही चुका तुझ्या नजरेत भरल्या असत्या. आयपॅडवर ती मुख्य सेटिंग्जमधल्या कॅमेऱ्याच्या भागात मिळते, तर अँड्रॉइडवर बहुधा कॅमेरा ॲपच्या सेटिंग्जमध्ये. या रेषा व्हिडिओत उमटत नाहीत, त्यामुळे त्या कायम चालू ठेवायला हरकत नाही.

दोन आडव्या आणि दोन उभ्या रेषांनी चौकटीचे नऊ भाग होतात. चित्रातली महत्त्वाची गोष्ट या रेषांवर ठेवावी, हा तृतीयांशाचा नियम. त्याला जॉन थॉमस स्मिथ यांनी १७९७ मध्ये नाव दिले, तेही चित्रकलेविषयी लिहिताना. कॅमेरा तेव्हा कोठे होता! तुझ्यापुरता त्याचा अर्थ एवढाच की डोळे वरच्या आडव्या रेषेच्या आसपास असावेत. मग डोक्यावरची जागा आपोआप बेताची होते. चेहरा बाजूच्या उभ्या रेषेवर घ्यायचा असेल, तर तू ज्या दिशेला पाहतोस त्या दिशेला मोकळी जागा सोड.

कलण्याचे मात्र मनावर घे. नंतर संपादनात सरळ करू, असे आपण म्हणतो खरे. पण १६:९ च्या, म्हणजे रुंदी १६ तर उंची ९ अशा प्रमाणाच्या, चौकटीत केवळ २ अंशांचा कल काढायचा झाला, तरी कोपरे रिकामे दिसू नयेत म्हणून चित्र सुमारे ६ टक्के मोठे करावे लागते आणि कडांवरचा तेवढा भाग जातो. त्यापेक्षा खिडकीची किंवा दाराची उभी कड जाळीच्या उभ्या रेषेशी समांतर होईपर्यंत टॅब्लेटखालचा आधार सरकवणे सोपे. त्यासाठी टॅब्लेट आधी मागेपुढे झुकलेला नाही ना, ते पाहा; तसा झुकला असेल तर उभ्या कडा एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात आणि रेषाही गोंधळात टाकतात.

आता मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट. मागे एका चित्रणातून मी मोबाइलसाठी उभा तुकडा कापला आणि लक्षात आले की समजावताना हलवलेले माझे दोन्ही हात मनगटापासून गायब झाले आहेत. हिशेब मी नंतर केला. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या आडव्या चित्रातून पूर्ण उंचीचा ९:१६ तुकडा घेतल्यास रुंदी मिळते जेमतेम ६०८ पिक्सेल, आणि जाळीचा मधला उभा पट्टा असतो ६४० पिक्सेलचा. म्हणजे हा पट्टा हीच उभ्या चौकटीची खूण! दोन्ही रूपे हवी असतील, तर चेहरा आणि हात त्या पट्ट्याच्या किंचित आत ठेव. मग बाजूच्या रेषेवर बसण्याची हौस त्या दिवसापुरती सोडून द्यावी लागेल.

पुढच्या वेळी पूर्ण बोलण्याआधी दहा सेकंदांचे चाचणी चित्रण करून मला पाठव. खिडकी सरळ आहे की नाही, ते मी लगेच कळवतो.

तुझा,
जुना मित्र