फोन माझ्या हातात देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही समोर आभार मानू देत नाही. विषय काढला की 'जेवलीस का?' म्हणून बोलणं दुसरीकडे नेता. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत. आता कुठे नेणार?

तुमच्या ऑडिटच्या ऑफिसात येण्याआधी मी सांगलीतच दुसऱ्या एका ऑफिसात होते. नाव घेत नाही. तिथं बी.कॉम. झालेल्या मुलीनं व्हाऊचरला पंच मारून फायली लावायच्या आणि दिवसभर टॅलीत एन्ट्र्या ओढायच्या. ही रक्कम या खात्याला का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, 'तुला काय करायचंय?' तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांची जमा-नावे बेरीज, जुळली नाही तर फरक सस्पेन्स नावाच्या तात्पुरत्या खात्याला टाकून सगळे मोकळे. माझं लग्न ठरल्याचं कळलं तसं 'आता मार्चएंडला थांबणं काही तुला जमायचं नाही' हे त्यांनीच परस्पर ठरवलं. मला विचारलंसुद्धा नाही. तुम्ही म्हणाल, सोडून दे. नाही सोडत, काका. तेवढा राग राहू दे माझ्याकडे.

तुम्ही काय काय शिकवलंत ते लिहायला घेतलं तर वही भरेल. जमा-नावेच्या फरकाला नऊनं भाग गेला तर कुठंतरी आकडे उलटेपालटे पडलेत, नाहीतर फरकाचा निम्मा आकडा शोध, ती रक्कम चुकीच्या बाजूला बसलेली असेल. हे सगळं मला कधीतरी पुस्तकातही सापडलं असतं. तो फोन मात्र कुठल्याच पुस्तकात सापडला नसता.

मी येऊन काही महिनेच झाले होते. एका पतसंस्थेचे चेअरमन तावातावानं बोलत होते. थकीत कर्जं बुडतील म्हणून नफ्यातून बाजूला काढायची तरतूद इतकी कशी लागली, नफाच खाल्ला म्हणत होते. त्यांचा आवाज रिसीव्हरमधून माझ्या टेबलापर्यंत येत होता. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, 'ही खाती आमच्या मॅडमनी तपासलीत. त्यांनाच विचारा.' आणि फोन माझ्या हातात दिलात.

मॅडम! तोवर मला सगळे 'ए पोरी' नाहीतर 'अगं ए' म्हणायचे.

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मला त्याहून मोठं वाटतं. मी बोलत होते तेवढा वेळ तुम्ही मान वर केली नाहीत. किर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, बोट ठेवून आपलं टिकमार्क करत बसलात. माझ्याकडे पाहिलं असतंत तर मी अडखळले असते. मग तुम्ही फोन परत घेतला असता आणि मी आयुष्यभर पंच मारत राहिले असते. मी चेअरमनसाहेबांना एकेक खातं सांगत गेले, किती दिवस थकलंय, तारण काय आहे. शेवटी ते 'बरं बरं, ठीक आहे मॅडम' म्हणाले. फोन ठेवल्यावर तुम्ही शाबासकीही दिली नाहीत. 'पुढची फाईल घे,' एवढंच.

तुमची पौर्णिमेची नरसोबाची वाडी कधी चुकली नाही, पण तुमची श्रद्धा मला दिसली ती ऑगस्ट २०१९ मध्ये. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ओसरल्यावर एका छोट्या पतसंस्थेत गेलो तर खतावण्यांचा, खात्यांच्या वह्यांचा, लगदा झालेला, कॉम्प्युटरमध्ये गाळ. सगळे कपाळाला हात लावून बसले होते. तुम्ही पँट दुमडून आत शिरलात आणि म्हणालात, 'जमा आहे म्हणजे नावे कुठंतरी असणारच. चला, शोधू.' मग बँकेचे उतारे आले, सभासदांची पासबुकं आली, पिग्मीची, म्हणजे रोजच्या बचतीची, कार्डं आली. एक भाजीवाले मामा आपलं कार्ड पुढं करून म्हणाले, 'ताई, तुम्ही माझे पाचशे जास्त धरलेत.' त्यांचं स्वतःचं घर तेव्हा चिखलात होतं. अशी माणसं आहेत म्हणून ताळेबंद जुळतात. ऑडिटर काय, त्यांच्या मागून जाऊन टिकमार्क करतो.

तुम्ही सुरुवात केलीत १९५९ च्या विक्रीकर कायद्यावर. २००५ ला व्हॅट आला, तो शिकलात. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा तुमच्या वयाचे बरेच जण 'आता बास' म्हणून मुलाच्या हाती किल्ल्या देऊन मोकळे झाले. तुम्ही मात्र क्लासला पहिल्या बाकावर दोनशेपानी वही घेऊन बसलात आणि संध्याकाळी मला म्हणालात, 'इनपुट क्रेडिटवर, खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीवर, मला प्रश्न विचार.' मी विचारले. दोन चुकलात तर रात्री जेवण होईपर्यंत अस्वस्थ होता, काकू सांगत होत्या. ते पाहिल्यावर जी.डी.सी. अँड ए. ला, सहकारी संस्थांच्या ऑडिटच्या सरकारी परीक्षेला, बसायला मी नाही कसं म्हणणार होते? मार्चएंड संपतो न संपतो तोच मे महिन्यात परीक्षा. त्या एप्रिलमध्ये माझ्या वाट्याची व्हाऊचर कोण तपासत होतं, हे मला फार नंतर कळलं.

आता सहकार खात्याच्या ऑडिटरांच्या नामतालिकेत माझं नाव आहे. गृहनिर्माण संस्थांचे सेक्रेटरी ३१ जुलै, ऑडिटची शेवटची तारीख, जवळ आली की माझ्यामागे लागतात. ऑडिटात निघालेल्या चुका सुधारल्याचा दोष दुरुस्ती अहवाल वेळेत आला नाही तर मीही तुमच्यासारखीच भांडते.

आणि हो, १ एप्रिल २०२६ पासूनचा नवा आयकर कायदा वाचायला घेतलाय. १९४ सी, १९४ जे अशी टीडीएसच्या, म्हणजे पैसे देतानाच कापायच्या कराच्या, जुन्या कलमांची सगळी बाराखडी तुमच्याकडून पाठ केली होती. आता पगार सोडला तर बाकीचा टीडीएस एकट्या कलम ३९३ मध्ये कोंबलाय, तोही तक्त्यांत. काही ओळी माझ्या डोक्यात शिरेनात. रविवारी चारनंतर येते, तुमची झोप झाल्यावर. वही काढून ठेवा.

तुमची,
आमच्या मॅडम